गळ्यातली सवत

आमच्या सासूबाईंना कशाकशाचा हेवा वाटत नाही, एवढंच सांगितलेलं बरं. ती यादी लहान आहे. समोरच्या घराच्या जिन्यावर उजेड जास्त येतो, याचा हेवा. माझ्या आईचे गुडघे अजून वाकतात, याचा हेवा. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी शेजारच्या बाईला जरा जास्त वेळ दिला, तर घरी येईपर्यंत यांचं तोंड वाकडं. “तिला असं काय मोठं झालंय?” म्हणाल्या. जसा काही आजारपणातही पहिला नंबर यांचाच यायला हवा होता! पण ही सगळी चिल्लर. त्यांना जन्मभर पुरला तो हेवा बाजाराचा. आणि म्हातारपणी त्यात भर पडली ती गळ्यातल्या एका पट्ट्याची. त्या पट्ट्याला त्या सवत म्हणायच्या.

बाबा, म्हणजे माझे सासरे, घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. फुलं, फळं, भाजी, जे काही ट्रकमधून उतरेल ते. छपराखाली एक लाकडी ओटा होता, त्यावर उभं राहून त्यांनी “एक वार, दोन वार” म्हटलं की पार मागच्या वजनकाट्यापर्यंत ऐकू जायचं. बाजारात त्यांना सगळे भोंगाच म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. घरी मात्र भोंगा बंद. घसा हेच आपलं भांडवल, ते घरी उधळायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पाणी हवं असलं की बोट दाखवायचे. भाजी आवडली तर ‘हूं’, नाही आवडली तर ‘हं’. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, हे माझ्यावर रागावलेत. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्यावर नाही गं. आवाज सगळा बाजाराला, माझ्या वाट्याला खोकला.”

त्या बाजारात एक फुलवाली होती. गुलाबाची घाऊक व्यापारी. बाबा रोज तिचा माल सगळ्यांच्या आधी पुकारायचे, आणि ही बातमी कुणीतरी सासूबाईंच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी घरपोच आणून दिली होती. त्यांनी जाब विचारला. बाबांनी घशाचा नियम मोडून एक अख्खं वाक्य खर्च केलं: “फुलं कोमेजतात, म्हणून आधी.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “आणि मी काय भोपळा आहे?” हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. फुलवालीला सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात त्या कधी पाय ठेवायच्या नाहीत. न पाहिलेल्या बाईचा हेवा फार सोयीचा असतो. ती कधी म्हातारी होत नाही.

मग बाबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा वाचला, आणि वाचा गेली. लिहिणंही गेलं, पेन हातात दिलं की नुसत्या रेघा यायच्या. समजायचं सगळं. पण तोंडातून निघायचे ते फक्त हुंकार आणि ‘आऽ’चे सूर, कमीजास्त लांबीचे. आम्ही सगळे हबकून गेलो. सासूबाई मात्र आठवड्याभरात कंबर कसून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या ‘हूं’ आणि ‘हं’वर त्यांनी सगळा संसार काढला होता, आता तीच विद्या कामाला आली. बाबांनी ‘आऽ’ केलं की त्या म्हणायच्या, “खिडकी लावायला सांगतायत.” खिडकी लावली की बाबा शांत. त्याच ‘आऽ’मध्ये मला कधी खिडकी दिसली नाही. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? बेसिन तुंबलंय हे मी शुद्ध भाषेत, खणखणीत आवाजात सांगते, तरी आमच्या ह्यांच्यापर्यंत ते पोचत नाही.

सासूबाई पुढची तीन वर्षं खुशीत होत्या. हे बोलायला बरं दिसत नाही, पण होत्या. कुणी भेटायला आलं की त्या बाबांच्या शेजारची खुर्ची पकडून बसायच्या आणि सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. “म्हणतायत, तुमची तब्येत कशी आहे.” “म्हणतायत, मुलाचं लग्न लवकर उरका.” बाबांचा एक हुंकार आणि सासूबाईंची चार वाक्यं, असा हिशेब असायचा. कधी मध्येच, “म्हणतायत, सुनेच्या हाताला मीठ जरा जास्तच आहे.” बाबा इतकं सगळं एका ‘हं’मध्ये म्हणालेत यावर कुणाचाच विश्वास बसायचा नाही. लोक गालात हसायचे, अर्धं खरं धरायचे, अर्धं सोडून द्यायचे. त्यामुळे कुणाचं काही बिघडायचं नाही.

मग तो पट्टा आला. आता असले पट्टे औषधाच्या दुकानातही टांगलेले दिसतात, तेव्हा ते नवे होते आणि पुनर्वसन केंद्रातूनच मिळायचे. दिसायला साधा, करड्या रंगाचा, दोन बोटं रुंद. गळ्याला बांधला की आतल्या नसांची हालचाल टिपायचा आणि माणसाला जे म्हणायचंय ते मोठ्याने म्हणायचा. पण आधी त्याला शिकवावं लागायचं. केंद्रातून एक मुलगी यायची, हसरी, नेहमी घाईत. ती बाबांना हुंकार द्यायला लावायची आणि सासूबाईंना विचारायची, “याचा अर्थ काय, आजी?” सासूबाई सांगायच्या, पट्टा लक्षात ठेवायचा. बाबांची मान झटक्यानंतर भरवशाची राहिली नव्हती, हो म्हणताना नाहीची हलायची. म्हणून केंद्राचा नियम असा होता, की शंका आली तर जवळच्या माणसाचं खरं धरायचं. शिकवताना बाबा दोनतीनदा फार चिडले, डाव्या हाताने खुर्चीवर बुक्के मारले. मुलगी म्हणाली, “दमलेत. सगळेच दमतात.”

आवाज बाबांचाच हवा, असा आमच्या ह्यांचा हट्ट. पण घरातला आवाज आणायचा कुठून, ते घरात बोललेच नव्हते! शेवटी बाजारसमितीकडे लिलावाची जुनी ध्वनिमुद्रणं निघाली, भाव कुणी किती लावला यावर भांडण झालं तर ऐकायला ठेवलेली. त्यावरून आवाज तयार झाला आणि हुबेहूब तयार झाला. फक्त चाल लिलावाची राहिली. पट्ट्याचं पहिलं वाक्य होतं, “पाणीऽऽ! पाणी आणाऽऽ!” माझ्या हातातलं ताट पडलं. पाणी घ्यायला चारजण धावले.

आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला. बाबांनी फोनवर आपल्या बहिणीशी बोलून घेतलं, दोघं रडली. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून “आजोबा, अजून एकदा म्हणा” करत तासन्‌तास हसायची. एक लांबचे नातेवाईक चिकटून बसले होते, त्यांना पट्ट्याने भर दिवाणखान्यात “आता उठाऽऽ” म्हणून उठवलं, तेव्हा तर मी त्या यंत्राच्या पाया पडायचीच बाकी राहिले.

आणि सासूबाईंची खुर्ची सरकली. कुणी सरकवली नाही, आपोआप सरकली. येणारे बाबांच्या समोर बसायला लागले, त्यांच्याशी बोलायला लागले. सासूबाईंनी “म्हणतायत” म्हणून सुरुवात केली की लोक हात वर करायचे, थांबा, ते स्वतःच सांगतायत ना! त्या आत जाऊन भांडी आपटायच्या. रात्री पट्टा चार्जिंगला लावायला विसरायच्या. ओल्या फडक्याने पुसू नका असं केंद्राच्या मुलीने बजावलं होतं, तर नेमक्या ओल्या फडक्याने पुसायच्या. “शिकवला मी,” त्या मला म्हणाल्या, “आणि मिरवतेय ती. सवत मेली.”

“आई, ते यंत्र आहे,” मी म्हटलं.

“सवतीला जीव असावा लागतो असं कुठे लिहिलंय?” म्हणाल्या.

पुढे एका सकाळी बाजाराचे सेक्रेटरी आणि जुना काटेवाला घरी आले. काटेवाला म्हणजे वजनाच्या काट्यावर बसणारा, बाबांच्या बरोबरीचा. त्यांनी सांगितलं, की बाजारात आता भावाचे इलेक्ट्रॉनिक पडदे लागलेत, भाव पडद्यावरच लागणार, पुकारणं बंद. शेवटचा पुकारलेला लिलाव येत्या रविवारी. “भोंग्याशिवाय शेवटचा लिलाव कसा करायचा?” काटेवाला म्हणाला. “आता तर आवाजही परत आलाय. ओट्यावर बसायचं, एक वार, दोन वार म्हणायचं, बस्स.”

बाबा उठले. काठी न घेता उठले, मी पाहिलं. दाराकडे डावा हात केला आणि घशातून एक लांब, चढता आवाज काढला. कुणालाही कळलं असतं. आणि गळ्यातला पट्टा खणखणीत म्हणाला, “मला घरीच बरं वाटतंऽ. बाजाराचं नावही नकोऽऽ.”

दोघं पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनी मान हलवली, हो की नाही कोण सांगणार, आणि पुन्हा तोच आवाज काढला, अधिक जोरात. पट्टाही अधिक जोरात म्हणाला, “बाजाराचं नावही नकोऽऽ!” बाबा ओरडले की पट्टा ओरडायचा. तीनदा झालं. बाबांचा चेहरा लाल झाला, ते डाव्या हाताने पट्टा ओढायला लागले, पण त्याची कळ मागे होती आणि ती काढायला दोन हात लागायचे.

“राहू दे, राहू दे,” सेक्रेटरी हलक्या आवाजात म्हणाले. “स्वतःच्या तोंडाने सांगतायत, मग आग्रह कशाला? त्रास होतो त्यांना.” काटेवाल्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गेले. बाबा खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी धावत जाऊन पट्टा काढला. सासूबाई खोलीत नव्हत्या.

त्या स्वयंपाकघरात होत्या, धुतलेल्या कपबशा पुन्हा धूत.

“आई, ते वाक्य कुठून आलं?” मी विचारलं.

“कुठून म्हणजे? त्यांच्या गळ्यातून.”

“पट्ट्याला कुणी शिकवलं?”

नळ चालूच होता. “मी,” त्या म्हणाल्या. मग नळ बंद करून माझ्याकडे वळल्या आणि माझ्यावरच चढल्या. “हो, मी! ती पोरगी विचारत होती, या आवाजाचा अर्थ काय, त्या आवाजाचा अर्थ काय. तो बाजाराचा आवाज मला कळत नाही असं वाटतं तुला? पट्टा यायच्या आधी रोज दुपारी तोच. दाराकडे हात, आणि तोच आवाज. तीन वर्षं मी म्हणत आले, झोप आलीय म्हणतायत. सगळं आयुष्य तो आवाज तिकडे गेला. इथे ‘हूं’ आणि ‘हं’. वाचा गेली तेव्हा कुठे माझा नवरा घरी आला. तो परत पाठवू? त्या गुलाबवालीकडे?”

मला राग आला होता, तरी मी त्यांच्या हातातली कपबशी काढून ठेवली. त्याच पुढे म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज पार खाली आला, “मी सांगायचे तेव्हा लोक हसायचे. अर्धं सोडून द्यायचे. मला कळत नव्हतं होय? माझ्या तोंडून ते खोटं लहानसंच होतं गं. या मेलीने ते त्यांच्या आवाजात म्हटलं, आणि लोक उठून चालते झाले.”

त्या दिवसापासून बाबांनी पट्टा घालू दिला नाही. एवढंच असतं तर सासूबाई जिंकल्याच होत्या. पण बाबांनी आवाज काढणंच बंद केलं. ‘हूं’ नाही, ‘हं’ नाही, खिडकीचा ‘आऽ’ नाही. सासूबाई ताट घेऊन समोर बसायच्या, “मीठ हवंय? गार झालंय?” असं एकेक विचारत राहायच्या, आणि ते खिडकीबाहेर बघायचे. खिडकीतून गार वारा यायचा, तरी ती लावा म्हणून सांगायचे नाहीत. खोकलासुद्धा दाबायचे. खोकला तरी सासूबाईंच्या वाट्याचा होता, आता तोही गेला. मी केंद्राच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती घाबरली, पट्टा कोरा करून पुन्हा शिकवू म्हणाली, पण तिला पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नव्हतं. पुढे केंद्राने नियम बदलला. आता अर्थ सांगायला दोन माणसं लागतात. आमच्या वेळी एकच होतं.

शनिवारी सासूबाईंनी बाबांचा बाजारात जायचा कोट काढला. तो इतकी वर्षं कपाटात लटकून खांद्याशी वाकडा झाला होता. इस्त्री केली, बटणं घट्ट केली, आणि रविवारी सकाळी तो त्यांच्यासमोर धरून म्हणाल्या, “अहो, चला.” बाबांनी बघितलंही नाही. “बाजारात चला म्हणतेय मी,” सासूबाई म्हणाल्या. “खोटं शिकवलं मी त्याला. मला वाटलं, जाल आणि परत येणार नाही. चला आता, उठा.” बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला, बाहीत घालायला.

टॅक्सीत आम्ही तिघं होतो. पट्टा घरीच होता.

मी बाजार पहिल्यांदाच पाहत होते, आणि सासूबाईही. ओलं सिमेंट, दोरखंड, उतरवलेल्या टोपल्या, वर नवे पडदे अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. बाबांना पाहताच “भोंगा आला” अशी हाक या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. दोघा हमालांनी त्यांना खुर्चीसकट ओट्यावर चढवलं. सासूबाईंना शेजारी खुर्ची मिळाली, मी खाली ओट्याला टेकून उभी राहिले. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाय जुळवून, आणि प्रत्येक बाईकडे संशयाने बघत राहिल्या. एक उंच, गोरी बाई मोगऱ्याची टोपली घेऊन गेली, तेव्हा त्यांनी वाकून माझा हात दाबला. “ही असेल.” ती नव्हती.

नवा पुकारणारा मुलगा चांगला होता, पण त्याचा आवाज काट्यापर्यंत जात नव्हता. लिलाव संपत आला तेव्हा गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी कुठल्याशा टोपलीचा आधार घेत ओट्यापाशी आली. जाड भिंगांचा चष्मा, हाताला गुलाबाच्या काट्यांनी पडलेले बारीक काळे वण. ती ओट्यावर चढली, धापा टाकत बाबांच्या समोर उभी राहिली आणि बाजारात बोलतात तशी ओरडून म्हणाली, “भोंग्या! ओळखलंस का?”

अरे-तुरेच! सासूबाईंची पाठ ताठ झाली.

बाबांनी आवाज काढला. इतक्या दिवसांनी पहिला. लांब, खालचा, शेवटी थोडा तुटलेला. घरी आम्ही तो कधी ऐकला नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं, ही बाई आता त्याचा अर्थ पटकन ओळखेल, आणि आमच्या सासूबाईंचं उरलंसुरलं काळीज जाईल.

फुलवालीने कान पुढे केला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग सासूबाईंकडे वळली. “मला नाही कळत हो,” म्हणाली. “तुम्हाला कळत असेल. काय म्हणतोय?”

सासूबाई काहीही सांगू शकल्या असत्या. पाणी मागतायत. दमलेत. घरी जाऊ म्हणतायत. तिथे हटकणारं कुणी नव्हतं. बाबा त्यांच्याकडेच बघत होते, आणि ते बघणं मला ओट्याखालूनसुद्धा सहन होईना. सासूबाईंनी घसा साफ केला.

“म्हणतायत,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, “तुझी फार आठवण येत होती.”

‘तुझी’सुद्धा बदललं नाही त्यांनी. बाबांनी डोळे मिटले आणि डावा हात चाचपडत सासूबाईंच्या मनगटावर ठेवला. फुलवालीने चष्मा काढून पदराने डोळे पुसले. “मलाही येत होती,” ती सासूबाईंना म्हणाली. “सांगा त्याला.”

“ऐकू येतं त्यांना,” सासूबाई म्हणाल्या. “मला कशाला सांगताय? त्यांनाच सांगा.” त्यांनी मनगट सोडवलं, उठल्या, आपली खुर्ची फुलवालीकडे सरकवली आणि ओट्यावरून उतरून माझ्याजवळ आल्या. बाजाराकडे तोंड, ओट्याकडे पाठ. पडद्यांवरचं प्लॅस्टिक वाऱ्याने वाजत होतं.

“तू बघ गं जरा,” त्या पुटपुटल्या. “काय करतायत?”

“नुसते बसलेत, आई. ती बोलतेय.”

“आणि हे?”

मी बघितलं. बाबा हसत होते. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, तोंड उघडून, खांदे हलवत. सासूबाई उत्तराची वाट बघत होत्या, आणि मी जे सांगेन ते त्या खरं धरणार होत्या.

“हसतायत,” मी म्हटलं.

माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. मी सोडवून घेतला नाही.